हरवलेल्या चित्रणाचा शोध आणि मराठीतील ‘म्हणे’

६.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपल्याला :
• माहितीचा स्रोत दाखवण्यासाठी मराठीत कोणती साधने आहेत, ते सांगता येईल.
• ‘म्हणे’ हे क्रियापद आणि ‘म्हणे’ हे अव्यय यांतील भेद उदाहरणांसह स्पष्ट करता येईल.
• प्रश्नातील पूर्वगृहीत ओळखता येईल.
• एखाद्या दुर्घटनेच्या ‘हरवलेल्या चित्रणा’विषयीचे विधान भाषिक दृष्टीने तपासता येईल.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण वाक्यार्थाचा विचार केला. वाक्य काय सांगते, हे आपण पाहिले. वाक्य सांगणाऱ्याला ते कसे कळले, हा प्रश्न मात्र तेथे बाजूला ठेवला होता. या घटकात त्याचाच विचार करावयाचा आहे आणि त्यासाठी आजच्या काळातील एक भाषिक व्यवहार उदाहरण म्हणून घ्यावयाचा आहे.

हरवलेले चित्रपट, पुसले गेलेले दूरचित्रवाणी कार्यक्रम, जुन्या जाहिराती यांचा शोध घेणारे हौशी लोकांचे समूह गेल्या काही वर्षांत इंटरनेटवर जगभर तयार झाले आहेत. त्यांतील काहींना ओढ असते ती दुर्घटनांच्या चित्रणाची. एखादा स्फोट, विमान अपघात किंवा पूर यांचे कोणीतरी चित्रण केले होते, ते एकदाच दाखवले गेले, नंतर दडवले गेले किंवा नष्ट झाले, अशी बोलवा असते आणि शेकडो अनोळखी माणसे मिळून त्याचा माग काढतात. हा उद्योग नेहमीच व्यर्थ असतो असे नाही. ६ मे १९३७ रोजी अमेरिकेत ‘हिंडेनबर्ग’ हे वायुयान जळून कोसळले. त्याची वार्तापटांतील दृश्ये प्रसिद्ध आहेत. परंतु एका हौशी माणसाने वेगळ्या कोनातून केलेले चित्रण २०२१ मध्ये एका माहितीपटातून व्यापक प्रेक्षकांसमोर आले. ते कोणालाही पाहता येते, तपासता येते.

पण प्रत्येक शोधाच्या शेवटी असे रीळ सापडत नाही. पुष्कळदा हाती उरतात ती केवळ वाक्ये. म्हणून हा विषय जितका चित्रणाचा, तितकाच भाषेचाही आहे.

६.२ विषय-विवेचन

६.२.१ ‘म्हणे’ : ऐकीव माहितीची खूण

पुढील चार वाक्ये लक्षपूर्वक वाचा. ती केवळ उदाहरणादाखल रचलेली आहेत.

(१) स्फोटाचे चित्रण झाले.
(२) स्फोटाचे चित्रण झालेले दिसते.
(३) स्फोटाचे चित्रण झाले असावे.
(४) स्फोटाचे चित्रण झाले म्हणे.

चारही वाक्यांतील घटना एकच आहे. पहिले वाक्य घटना सांगते, पण ती कशी कळली याविषयी मौन पाळते. दुसरे वाक्य एखाद्या खुणेवरून निष्कर्ष काढते. सांगणाऱ्याने कदाचित खांबावर बसवलेला कॅमेरा पाहिला असेल. तिसरे वाक्य तर्क करते. चौथे वाक्य सांगते की, ही माहिती माझी नाही, मी ती ऐकली आहे.

येथील ‘म्हणे’ हे ‘म्हणणे’ या धातूपासून आलेले असले, तरी ते आता क्रियापद राहिलेले नाही. ‘ती रोज हेच म्हणे’ या वाक्यात ‘म्हणे’ म्हणजे ‘म्हणत असे’. तेथे ते क्रियापद आहे आणि कर्ता अनेकवचनी झाला की ‘ते रोज हेच म्हणत’ असे त्याचे रूप बदलते. ‘मुलगा आला म्हणे’ आणि ‘मुले आली म्हणे’ या वाक्यांत मात्र ‘म्हणे’ बदलत नाही. त्याला कर्ता नाही. कोण म्हणते, हे ते सांगत नाही; कोणीतरी म्हणते, एवढेच सांगते. लिंग, वचन, पुरुष यांनी न बदलणारे हे रूप म्हणजे अव्यय होय.

या अव्ययाची आणखी तीन वैशिष्ट्ये ध्यानात ठेवा. एक, ‘मी काल कल्याणला गेलो म्हणे’ हे वाक्य सरळ अर्थाने चालत नाही. स्वतःच्या जाणीवपूर्वक केलेल्या कृतीला ऐकीव माहितीची खूण लागत नाही. लागलीच तर ‘लोक माझ्याविषयी असे बोलतात’ हा अर्थ निघतो. दोन, ‘काय झाले म्हणे?’ या प्रश्नात आपण समोरच्याला त्याने पाहिलेले विचारत नाही, ऐकलेले विचारतो. तीन, ‘मोठा आला म्हणे शहाणा!’ यासारख्या वाक्यात ते अविश्वास किंवा उपरोध व्यक्त करते. ऐकीव आणि अविश्वसनीय यांच्यामधील वाट मराठीत फार लांबची नाही.

माहितीचा स्रोत दाखवण्याच्या या भाषिक व्यवस्थेला आपण ‘स्रोतनिर्देश’ म्हणू. ती मराठीपुरती मर्यादित नाही. कन्नडमध्ये ‘अंते’, तेलुगूमध्ये ‘अट’ हेच काम करतात. तुर्की भाषेत क्रियापदाला लागणारा ‘मिश’ हा प्रत्यय, घटना आपण पाहिलेली नसून ऐकली आहे किंवा खुणांवरून ताडली आहे, असे दर्शवतो.

आपल्या दर्शनशास्त्रांतही हा प्रश्न जुना आहे. प्रत्यक्ष, अनुमान, शब्द ही प्रमाणे आपल्याला ठाऊक आहेत. त्यांच्या जोडीने ‘ऐतिह्य’ या प्रमाणाचीही चर्चा झाली. ज्याचा मूळ वक्ता दाखवता येत नाही, असे परंपरेने चालत आलेले कथन म्हणजे ऐतिह्य. नैयायिकांनी त्याला स्वतंत्र प्रमाणाचे स्थान दिले नाही. शब्दप्रमाणातच त्याचा समावेश केला. म्हणजे ‘कोणीतरी सांगते’ एवढ्यावर न थांबता, सांगणारा विश्वासार्ह आहे का, हा प्रश्न तेथेही उरतोच. ‘अफवा’ हा आपण अरबीतून घेतलेला शब्दही मुळात ‘तोंडे’ या अर्थाचे अनेकवचन आहे. तोंडे पुष्कळ, पण नाव एकाचेही नाही!

६.२.२ गोदीतील स्फोट : जप्त झालेले चित्रण

आता महाराष्ट्रातील एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागली. जहाजावर कापसाच्या गाठी, सोन्याच्या विटा आणि सुमारे १,४०० टन स्फोटके होती. दुपारी चारनंतर, अर्ध्या तासाच्या आत, दोन प्रचंड स्फोट झाले. मृतांच्या संख्येविषयीचे अंदाज ८०० पासून १,३०० पर्यंत आहेत. आग विझवताना अग्निशमन दलाच्या अनेक जवानांना वीरमरण आले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो.

हा आवाज सुमारे ८० किलोमीटरपर्यंत ऐकू गेल्याचे सांगितले जाते. ठाणे, डोंबिवली आणि कल्याण ही तिन्ही ठिकाणे या अंतराच्या आत येतात. त्या दिवशी कल्याणच्या एखाद्या घरात काय बोलले गेले असेल, याची भाषेच्या अंगाने कल्पना करा. ‘आवाज झाला’ हे प्रत्यक्ष. ‘मुंबईकडे काहीतरी मोठे झालेले दिसते’ हे अनुमान. ‘जपान्यांनी बॉम्ब टाकला म्हणे’ हे ऐकीव. युद्धकाळ असल्याने बातम्यांवर नियंत्रण होते. जपानच्या ताब्यातील सायगाव नभोवाणीने दुसऱ्याच दिवशी या स्फोटाचा तपशीलवार वृत्तान्त दिला. येथील वृत्तपत्रांना मात्र तो छापण्याची मोकळीक मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मिळाली. जवळजवळ चार आठवडे एवढ्या मोठ्या घटनेची अधिकृत वाक्ये लोकांना वाचावयास मिळाली नाहीत. अधिकृत माहिती थांबते, तेव्हा ‘म्हणे’चा वापर वाढतो. तो लोकांच्या भोळेपणामुळेच वाढतो असे समजू नये. माहितीचा दुसरा मार्गच त्यांच्यासमोर नसतो.

याच स्फोटाशी एका चित्रणाची हकीकत जोडलेली आहे. सुधीश घटक या चित्रणकाराने स्फोटाचे व त्यानंतरच्या परिस्थितीचे चित्रण केले, लष्करी अधिकाऱ्यांनी ते जप्त केले आणि त्याचे काही भाग नंतर वार्तापटांतून दाखवण्यात आले, अशी नोंद आढळते. येथे ‘नोंद आढळते’ हे शब्द मी जाणीवपूर्वक वापरले आहेत. ‘म्हणे’प्रमाणे तेही सांगतात की माहिती माझी नाही, पण ती कोठे शोधावी, याची दिशा ते दाखवतात. नोंद उघडून पाहता येते, तिच्याशी वाद घालता येतो. ‘म्हणे’शी वाद घालता येत नाही, कारण समोर कोणीच नसते.

आता उरलेल्या भागाचे काय झाले, हा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. ‘तो एखाद्या लष्करी संग्रहात असावा’ हे वाक्य तर्क म्हणून योग्य आहे. ते एकाने दुसऱ्याला सांगितले की ‘तो लष्करी संग्रहात आहे म्हणे’ असे होते. दुसऱ्याने तिसऱ्याला सांगितले की ‘तो लष्करी संग्रहात आहे’. आणि चौथा विचारतो, ‘तो लष्कराने का दडवला आहे?’ या चार पायऱ्यांत नवा पुरावा एकही मिळालेला नाही. बदलले ते केवळ व्याकरण. आधी ‘असावा’ गेले, मग ‘म्हणे’ गेले. अफवेची अनेक वर्णने करता येतील. व्याकरणाच्या दृष्टीने पाहिले, तर अफवा म्हणजे ‘म्हणे’ गळून पडलेले वाक्य होय.

चित्रण हरवण्याची कारणे बहुधा साधी असतात, हेही येथे नमूद करावयास हवे. जुन्या चित्रपटांच्या नायट्रेट फिती अत्यंत ज्वालाग्राही असत. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत अशा अनेक फिती नष्ट झाल्या. आजच्या सीसीटीव्ही यंत्रणेत साठवणुकीची जागा भरली की सर्वांत जुने चित्रण आपोआप पुसले जाऊन त्यावर नवे नोंदले जाते. ‘पुसले गेले’ आणि ‘पुसून टाकले’ यांतील फरक मराठीचा विद्यार्थी म्हणून आपण ओळखता. दुसऱ्या वाक्याला हेतू असलेला कर्ता लागतो. तो सिद्ध करण्याची जबाबदारीही वाक्य उच्चारणाऱ्यावर येते.

६.२.३ प्रश्नात दडलेले पूर्वगृहीत

शोध घेणाऱ्या समूहांत विधानांपेक्षा प्रश्न अधिक असतात आणि प्रश्न निरुपद्रवी वाटतात. ‘असा काही व्हिडिओ आहे का?’ हा प्रश्न खरोखर विचारतो. ‘तो व्हिडिओ कोणाकडे आहे?’ हा प्रश्न मात्र व्हिडिओ आहे हे आधीच धरून चालतो. वाक्य खरे ठरो वा खोटे, त्याच्या आधी जे मान्य करून टाकले जाते, त्याला पूर्वगृहीत म्हणतात. येथे ‘तो’ हे दर्शक विशेषण आणि ‘कोणाकडे’ हे प्रश्नार्थक सर्वनाम मिळून ते काम करतात. ‘पूर्ण व्हिडिओ कोठे मिळेल?’ या प्रश्नात आणखी एक गृहीत शिरते : आपण पाहिला तो अपुरा होता.

अशा प्रश्नाची शक्ती केवढी असते, हे नेदरलँड्समधील एका अभ्यासातून दिसले. ४ ऑक्टोबर १९९२ रोजी ॲमस्टरडॅममध्ये एक मालवाहू विमान निवासी इमारतीवर कोसळले आणि ४३ जणांचा मृत्यू झाला. विमान इमारतीवर आदळतानाच्या क्षणाचे चित्रण दूरचित्रवाणीवर दाखवले गेले नव्हते, कारण तसे चित्रण नव्हतेच. दाखवली गेली ती नंतरची आग आणि बचावकार्य. काही महिन्यांनंतर क्रोम्बाख, वागेनार आणि व्हान कोपेन या अभ्यासकांनी लोकांना विचारले की, विमान इमारतीवर आदळते त्या क्षणाचे चित्रण आपण दूरचित्रवाणीवर पाहिले का? ५५ टक्के लोकांनी ‘हो’ असे उत्तर दिले. कायद्याच्या विद्यार्थ्यांमध्ये हेच प्रमाण ६६ टक्के होते. अनेकांनी तर विमान कोणत्या कोनातून आदळले, तेही सांगितले! हा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला.

ही माणसे खोटे बोलत नव्हती. त्यांनी बातम्या ऐकल्या होत्या, आग पाहिली होती, मनात दृश्य रंगवले होते. आणि प्रश्नाने त्यांना सांगितले की चित्रण आहे. ऐकलेले, कल्पिलेले आणि पाहिलेले यांच्यावरील खुणा स्मृतीतून पुसल्या गेल्या. म्हणजे ‘म्हणे’ केवळ बोलण्यातून गळत नाही, ते आठवणीतूनही गळते. म्हणूनच ‘मी लहानपणी टीव्हीवर पाहिले होते’ हे प्रामाणिक माणसाचे विधानदेखील चित्रणाचा पुरावा ठरत नाही. ते आठवणीचा पुरावा ठरते.

६.२.४ जेव्हा मूळ फीत खरोखर असते

यावरून ‘पूर्ण चित्रणाचा शोध घेणे म्हणजे अफवेला खतपाणी घालणे’ असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे होईल. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेतून जमावाने पाच जणांची हत्या केली. ते भटक्या समाजातील, भिक्षेवर पोट भरणारे लोक होते. त्या काळात देशाच्या अनेक भागांत मोबाईलवर एक चित्रफीत फिरत होती. मोटारसायकलवरील दोघे जण रस्त्यावरचे मूल उचलून नेतात, असे तीत दिसे. मुळात ती कराचीमध्ये मुलांच्या सुरक्षिततेसाठी तयार केलेली जनजागृतीची फीत होती. मूळ फितीच्या शेवटी ते मूल परत आणून सोडले जाते आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवला जातो. फिरणाऱ्या फितीतून हा शेवट कापलेला होता.

येथे ‘पूर्ण व्हिडिओ कोठे आहे?’ हा प्रश्न ज्यांनी विचारला आणि मूळ फीत शोधून काढली, त्यांनी मोलाचे काम केले. चित्र खरे होते. त्याला जोडलेले वाक्य खोटे होते. डोळ्यांनी पाहिले म्हणजे ‘म्हणे’ची गरज संपली, असे आपल्याला वाटते. पण मोबाईलवरील दृश्यासोबत स्थळ, काळ आणि कर्ता हे सांगणारे वाक्य ऐकीवच असते. ‘जसे आले तसे पुढे पाठवत आहे’ ही ओळ अनेक जण संदेशाखाली जोडतात. ती ‘म्हणे’ची दूरची नातलग म्हणता येईल, पण ‘म्हणे’ वाक्याच्या आत बसते, ही ओळ वाक्याच्या बाहेर राहते आणि पुढचा माणूस ती सहज गाळतो.

६.२.५ शोध कोणासाठी?

ठाणे, कल्याण, डोंबिवली परिसरातील विद्यार्थ्यांना हा विषय परका नाही. २६ मे २०१६ रोजी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत ‘प्रोबेस’ कंपनीत झालेल्या स्फोटात १२ जणांचा मृत्यू झाला. २३ मे २०२४ रोजी त्याच वसाहतीत ‘अमुदान’ या रासायनिक कंपनीत पुन्हा स्फोट झाला आणि दहाहून अधिक लोकांचे प्राण गेले. या दुसऱ्या घटनेनंतर पहिल्या काही तासांत ‘बॉयलरचा स्फोट’ असे शब्द सर्वत्र वापरले गेले. पुढे ‘रिॲक्टर’ हा शब्द आला. सामान्य वाचकाला दोन्ही शब्द सारखेच वाटतील. परंतु बॉयलर म्हणजे वाफ तयार करणारे यंत्र आणि रिॲक्टर म्हणजे रासायनिक प्रक्रिया घडवून आणणारे पात्र. कोणत्या खात्याने काय तपासावयाचे होते, हे त्या एका शब्दावर ठरते. पहिल्या तासातील शब्द हा बहुधा अनुमानाचा असतो. तो ‘असावा’शिवाय छापला गेला, की माहिती म्हणून रूढ होतो.

मृतांपैकी काहींची ओळख पटवण्यासाठी डीएनए चाचण्यांचा आधार घ्यावा लागला. कुटुंबीय रुग्णालयाच्या दाराशी थांबलेले असताना ‘आतले चित्रण कोणाकडे आहे का?’ असा प्रश्न जेव्हा विचारला जातो, तेव्हा तो कोण विचारतो आणि कशासाठी, यावर त्याचा अर्थ ठरतो. चौकशी अधिकाऱ्याला ते कारण शोधण्यासाठी हवे असते. कामगाराच्या पत्नीला आपला माणूस त्या वेळी कामावर होता, हे सिद्ध करण्यासाठी ते हवे असू शकते. आणि कोणाला तरी ते केवळ पाहण्यासाठी हवे असते. वाक्य तेच, वाक्याचे प्रयोजन वेगळे. भाषाभ्यासात आपण याला उक्तीचा हेतू म्हणतो. व्यवहारात त्याला माणुसकी म्हणतात.

काही चित्रणे अस्तित्वात असूनही लोकांसमोर आणली जात नाहीत. ऑस्ट्रेलियातील प्राणितज्ज्ञ स्टीव्ह आयर्विन यांचा २००६ मध्ये समुद्रात चित्रीकरण सुरू असताना मृत्यू झाला; ते दृश्य प्रसारित करण्यात आले नाही. अशा ठिकाणी ‘दडवले’ हे क्रियापद वापरावे की ‘जपले’ हे, याचा निर्णय शब्दकोश देत नाही. तो आपल्याला घ्यावा लागतो.

आपली प्रगती तपासा
(अ) ‘मुले आली म्हणे’ यात ‘म्हणे’ हे अव्यय का मानावे?
(आ) ‘कापलेला भाग कोणी लपवला?’ या प्रश्नातील दोन पूर्वगृहीते सांगा.

६.३ सारांश

मराठीत माहितीचा स्रोत दाखवण्यासाठी ‘-लेले दिसते’, ‘असावे’, ‘म्हणे’, ‘नोंद आढळते’ अशी निरनिराळी साधने आहेत. त्यांतील ‘म्हणे’ हे अव्यय माहिती ऐकीव असल्याचे सांगते, पण सांगणाऱ्याचे नाव सांगत नाही. दुर्घटनेच्या हरवलेल्या चित्रणाविषयीची विधाने पसरताना प्रथम या खुणा गळतात आणि मग विधान वस्तुस्थितीचे रूप घेते. पूर्वगृहीत असलेले प्रश्न ही प्रक्रिया वेगाने घडवून आणतात. म्हणून प्रामाणिक शोधाची पहिली पायरी म्हणजे वाक्यातून गळालेले ‘म्हणे’ पुन्हा जागेवर बसवणे. आणि दुसरी पायरी म्हणजे, शक्य असेल तेथे, त्या ‘म्हणे’च्या जागी नाव, तारीख आणि नोंद आणणे.

६.४ पारिभाषिक संज्ञा

स्रोतनिर्देश : विधानातील माहिती सांगणाऱ्याला कशी मिळाली, हे दाखवणारी भाषिक व्यवस्था.
पूर्वगृहीत : विधान किंवा प्रश्न अर्थपूर्ण होण्यासाठी आधीच मान्य धरलेली गोष्ट.
ऐतिह्य : मूळ वक्ता अज्ञात असलेले, परंपरेने आलेले कथन.

६.५ प्रगती तपासा : उत्तरे

(अ) कर्त्याच्या लिंग, वचन, पुरुषानुसार ते बदलत नाही आणि त्याला स्वतःचा कर्ता नसतो.
(आ) काही भाग कापला गेला आहे. तो कोणीतरी हेतुपूर्वक लपवला आहे.

६.६ स्वाध्याय

१. ‘पुसले गेले’ आणि ‘पुसून टाकले’ या रचनांतील अर्थभेद स्वतःच्या उदाहरणांनी स्पष्ट करा.
२. एका आठवड्यातील वृत्तपत्रांतून ‘समजते’, ‘कळते’, ‘सांगण्यात येते’ अशा रचना असलेली दहा वाक्ये निवडा आणि प्रत्येकीत स्रोत किती स्पष्ट आहे, ते लिहा.

क्षेत्रीय कार्य : आपल्या परिसरातील एका ज्येष्ठ व्यक्तीला २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीविषयी बोलते करा. त्यांच्या परवानगीने कथन लिहून घ्या. त्यांनी पाहिलेले, ताडलेले आणि ऐकलेले वेगवेगळ्या स्तंभांत मांडा. प्रश्न विचारताना त्यात पूर्वगृहीत येणार नाही, याची काळजी घ्या. कथनात कोणाच्या मृत्यूचा उल्लेख आला, तर तेथे पुढचा प्रश्न विचारण्याची घाई करू नका. त्यांना हवा तेवढा वेळ द्या.